‘सहायक’ शब्दाची मर्यादा : कण्यातील बधिरीकरण, जोडऔषधे आणि संमतिपत्राची मराठी

१

वैद्यकातील एखादी पद्धत एखाद्या प्रदेशात रूढ झाली म्हणजे तिच्यामागोमाग तिची परिभाषाही येते. या परिभाषेकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी संग्राहकाची असते. इंग्रजी शब्दाला एक मराठी प्रतिशब्द जोडला, तो कोशात नोंदविला, की कार्य सिद्धीस गेले असे मानण्यात येते. परंतु जो शब्द शस्त्रक्रियेस निघालेल्या स्त्रीला वाचून दाखविला जातो आणि ज्याखाली तिची सही अथवा अंगठा घेतला जातो, त्याची परीक्षा एवढ्यावर संपत नाही. त्या शब्दातून तिला काय कळते, आणि काय कळावयाचे राहून जाते, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या कक्षेतील आहे.

स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रियांत, विशेषतः गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत, कण्यातील बधिरीकरणाच्या मुख्य औषधात दुसरे एखादे औषध अल्प प्रमाणात मिसळण्याची पद्धती आज सर्वपरिचित आहे. इंग्रजीत अशा औषधाला ‘ॲडजुव्हंट’ म्हणतात. मराठीत ‘सहायक औषध’ किंवा ‘पूरक औषध’ असे म्हटले जाते. या औषधांची परस्परतुलना हा भारतातील भूलशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांचा वारंवार निवडला जाणारा विषय होय. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचे महाविद्यालय आहे. तेव्हा या जिल्ह्यातील स्त्रियांपुढे केवळ उपचाराचीच नव्हे, तर संशोधनाचीही संमतिपत्रे येण्याचा काळ फार दूर नाही. ती कोणत्या मराठीत असावीत याचा विचार अगोदरच झालेला बरा.

२

प्रथम विषयाचे स्वरूप थोडक्यात पाहणे अवश्य आहे. १८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीएर याने मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात कोकेन सोडून शरीराचा खालचा भाग बधिर केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०१ मध्ये, राकोविचानु-पितेश्ती या रुमानियन शल्यविशारदाने त्याच मार्गाने अफूवर्गीय औषध वापरल्याचा वृत्तांत पॅरिस येथे सादर केला. म्हणजे जोडऔषधाची कल्पना मूळ पद्धतीहून फारशी तरुण नाही. मात्र तिला शास्त्रीय अधिष्ठान मिळण्यास पाऊणशे वर्षे लागली. अफूवर्गीय द्रव्यांना प्रतिसाद देणारी स्थाने मज्जारज्जूतच आहेत हे सिद्ध झाल्यावर, १९७९ मध्ये वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करुग्णांच्या वेदनांवर मज्जारज्जूच्या द्रवातून दिलेल्या मॉर्फिनचा परिणाम प्रसिद्ध केला, आणि या मार्गाचा प्रसार झपाट्याने झाला.

आज मुख्य औषध म्हणून बहुधा बुपिव्हाकेन वापरतात. ते शर्करेच्या योगाने जड केलेले असते. त्यामुळे ते द्रवात कोठवर पसरेल हे रुग्णाच्या स्थितीवरून बरेचसे नियंत्रित करता येते. उदर उघडून गर्भाशय काढावयाचे असल्यास बधिरता छातीच्या मध्यापर्यंत चढवावी लागते, कारण छेद ओटीपोटावर असला तरी उदरावरणाची व गर्भाशयाची ओढ वरच्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. छेदाची वेदना पूर्ण थांबली असताही ही आतली ओढ कित्येक स्त्रियांना जाणवते. शिवाय मुख्य औषधाचा अंमल काही तासांत उतरतो आणि वेदना परत येते. या दोन उणिवा भरून काढण्यासाठी जोडऔषध योजतात. ३ मिलिलिटर बुपिव्हाकेनमध्ये अर्धा मिलिलिटर, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम, फेंटानिल मिसळले की आतली ओढ पुष्कळ कमी होते. मॉर्फिनचा अंमल सावकाश सुरू होतो, पण १२ ते २४ तास टिकतो. क्लोनिडिन व डेक्समेडिटोमिडिन ही औषधे निराळ्या वर्गातील असून तीही बधिरतेचा काळ वाढवितात. यांपैकी दुसऱ्यास मूळ मान्यता शिरेवाटे देऊन रुग्णास शांत निद्रावस्थेत ठेवण्यासाठी मिळाली होती. कण्यातील त्याचा वापर पुढे चिकित्सकांच्या अनुभवातून व प्रयोगांतून वाढला.

कोणते औषध जोडावयाचे हे केवळ गुणावगुणांवर ठरत नाही. फेंटानिल व मॉर्फिन ही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येतात. २०१४ च्या दुरुस्तीने आवश्यक अमली औषधांची तरतूद सुलभ केली असली, तरी नोंदवह्या, साठा व परवानगी यांचा भार राहतोच. लहान रुग्णालयास या कायद्याबाहेरचे औषध जवळ करावेसे वाटले तर त्यात नवल नाही. तात्पर्य, एकाच ‘सहायक’ या नावाखाली दोन रुग्णालयांत दोन सर्वस्वी भिन्न द्रव्ये असू शकतात, व ती घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरावर दोन भिन्न परिणाम घडू शकतात.

३

परिभाषेची अडचण ‘सहायक’ शब्दाच्या आधीच, ‘भूल’ या शब्दापाशी सुरू होते. मराठीत ‘भूल’ म्हणजे चूक, विसर, मोह आणि भ्रम. रानात वाट चुकलेल्यास भूल पडते. गोड बोलण्याची एखाद्यास भूल पडते. हे सर्व अर्थ मनाशी निगडित आहेत. क्लोरोफॉर्म हुंगवून माणसाची शुद्ध घालविली जात असे त्या काळात हा शब्द शस्त्रक्रियेस अचूक बसला. ‘शुद्धिहरण’ हा पंडिती शब्दही त्याच कल्पनेवर उभा आहे. पण कण्यातील औषधाने शुद्ध हरपत नाही. मन जागेवर राहते, शरीराचा अर्धा भाग तेवढा निरोप देईनासा होतो. यासाठी ‘कमरेखालची भूल’ असा जो शब्दप्रयोग रूढ झाला आहे तो व्यवहारात चालतो. परंतु मनाचा व्यापार कमरेखाली नेऊन ठेवणारा हा प्रयोग ऐकणाऱ्याच्या मनात कोणती अपेक्षा उत्पन्न करतो हे पाहिले पाहिजे. ‘भूल देणार’ एवढेच ज्या स्त्रीने ऐकले, ती काही कळणार नाही या समजुतीने मेजावर जाते. तेथे तिला हत्यारांचा आवाज येतो, माणसांचे बोलणे ऐकू येते, पोटावर दाब जाणवतो. भूल लागली नाही, असा तिचा ग्रह झाला तर दोष तिचा नाही. तिने शब्दाचा अर्थ बरोबर घेतला होता.

‘बधिरीकरण’ हा शब्द त्या मानाने योग्य. ‘बधिर’ म्हणजे मूळ बहिरा. मराठीने त्याचा अर्थ विस्तारून स्पर्शज्ञान गेलेल्या अवयवास तो लावला. परंतु तोही पुस्तकी. याउलट ‘पायांना मुंग्या येतील, पाय जड पडतील, मग उचलणार नाहीत’ हे वाक्य कोणत्याही खेड्यातील स्त्रीस तत्काळ कळते. आणि औषधाचा अंमल कोणत्या क्रमाने चढतो याचे ते अचूक वर्णनही आहे. राज्यशासनाने १९६० मध्ये स्थापन केलेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी अध्यापनासाठी जी संस्कृतनिष्ठ शब्दसंपत्ती सिद्ध केली, तिचे महत्त्व निर्विवाद आहे. पण वर्गातील परिभाषा आणि खाटेपाशी बोलावयाची भाषा ही दोन भिन्न प्रयोजनांची साधने आहेत. कोशातील शब्द जसाच्या तसा संमतिपत्रात उतरविला, तर एकाचे काम दुसऱ्यावर लादल्यासारखे होते.

४

आता ‘सहायक’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘साहाय्य करणारा’ असाच असल्याने हे भाषांतर शब्दशः निर्दोष आहे. पाश्चात्य वैद्यकातील जुन्या औषधयोजनेत चार अंगे मानीत : मुख्य द्रव्य, त्यास बळ देणारे सहायक, त्याचे दोष आवरणारे शोधक, आणि या सर्वांना वाहून नेणारे माध्यम. कण्यात द्यावयाच्या सुईत ही विभागणी आजही ओळखता येते. बुपिव्हाकेन हे मुख्य, शर्करायुक्त पाणी हे माध्यम. परंतु फेंटानिल मात्र एकाच घरात मावत नाही. ते मुख्य औषधास बळ देते. त्याच्या योगाने मुख्य औषधाची मात्रा कमी करता आल्यास रक्तदाब उतरण्याचा धोकाही घटतो, म्हणजे ते शोधकाचेही काम करते. तेव्हा मूळ इंग्रजी संज्ञाच येथे सैल पडली आहे. मराठीने ती सैल संज्ञा विश्वासूपणे उतरवून घेतली.

आयुर्वेदाच्या परंपरेतील दोन शब्द येथे सहज आठवतात. ‘अनुपान’ म्हणजे औषधाबरोबर अथवा मागून घ्यावयाचे द्रव्य. ‘योगवाही’ म्हणजे ज्याच्याशी संयोग पावेल त्याचा गुण वाढविणारे द्रव्य, जसा मध. दोन्ही शब्द देखणे आहेत. परंतु दोहोंत दुसऱ्या द्रव्याच्या निरुपद्रवीपणाची छटा आहे. मध घेतल्याने कुणाची नाडी मंद होत नाही.

या शब्दाचा दोष उघड करण्यास मराठी व्याकरणच उपयोगी पडते. ‘सहायक क्रियापद’ ही संज्ञा प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. ‘त्याने लाडू खाऊन टाकला’ या वाक्यात मुख्य अर्थ खाण्याचा. ‘टाकला’ हे पद क्रिया पूर्ण झाल्याचे दर्शविते. ‘तो वाचत बसला’ यात ‘बसला’ हे पद क्रियेचा काळ लांबविते. सहायक क्रियापद नवी क्रिया सांगत नाही. असलेल्या क्रियेची पूर्णता, अवधी अथवा रीत बदलते. जोडऔषधाविषयीही वैद्यक हेच सांगते : बधिरता लवकर येते, पूर्ण होते, दीर्घकाळ टिकते. येथपर्यंत उपमा तंतोतंत जुळते, आणि ‘सहायक’ शब्द समर्थनीय ठरतो.

पण व्याकरणात सहायक होण्यासाठी धातूला एक किंमत द्यावी लागते. त्याचा स्वतःचा अर्थ लोपावा लागतो. ‘खाऊन टाकला’ यात कोणी काही फेकत नाही. जेथे मूळ अर्थ शिल्लक राहतो तेथे व्याकरणकार त्यास संयुक्त क्रियापद म्हणत नाहीत. ‘तो मरून गेला’ ही एक क्रिया. ‘तो जेवून गेला’ या दोन क्रिया. जोडऔषध हे ‘मरून गेला’मधील ‘गेला’ नव्हे, ते ‘जेवून गेला’मधील ‘गेला’ आहे. त्याचा मूळ धात्वर्थ लोपलेला नसतो. फेंटानिल व मॉर्फिन अंगाला खाज आणतात. मॉर्फिनने मळमळ, लघवी अडणे असे त्रास होतात, आणि क्वचित्, दिल्यानंतर कित्येक तासांनी, श्वास मंदावतो. क्लोनिडिन व डेक्समेडिटोमिडिन यांनी नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो, गुंगी येते. ही दोन औषधे घेतलेल्या स्त्रीस कमरेखालच्या बधिरतेबरोबर खरीखुरी ‘भूल’ही काही अंशी लाभते, आणि मागच्या परिच्छेदांतील गोंधळ दुणावतो. ‘सहायक’ हा शब्द ऐकणाऱ्यास सांगतो की कर्ता एकच आहे. प्रत्यक्षात सुई एक असली तरी औषधे दोन असतात, आणि त्यांचे परिणामही दोन असतात.

याकरिता रुग्णासाठी लिहावयाच्या मजकुरात ‘जोडऔषध’ हा शब्द अधिक योग्य होय. जोडाक्षरात दोन्ही वर्णांचा उच्चार कायम असतो. जोडधंद्याचा नफातोटा वेगळा मांडता येतो. या शब्दाने गौणत्व पूर्णपणे टळते असे नाही, पण दुसऱ्या वस्तूचे वेगळे अस्तित्व ऐकताक्षणी ध्यानात येते. विद्वद्लेखनात ‘सहायक’ राहिल्यास हरकत नाही; तेथील वाचकास औषधाचे नाव व गुण आधीच ठाऊक असतात.

५

हा वाद केवळ शब्दांचा आहे असा आक्षेप येणे शक्य आहे. त्याचे उत्तर न्यायालयाच्या निर्णयात सापडते. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रियेसंबंधीचाच होता. १९९५ मध्ये दिल्लीत दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश ती बेशुद्ध असताना, तिच्या मातेची संमती घेऊन, काढण्यात आले होते. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि संमतीपूर्वी उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय व ठळक धोके यांची पुरेशी माहिती दिली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. दूरान्वयाने संभवणारा प्रत्येक धोका सांगण्याची सक्ती मात्र त्याने केली नाही. ही मर्यादा ध्यानात घेऊनही जोडऔषधाचा उल्लेख टाळता येत नाही. अफूवर्गीय औषधाने येणारी खाज ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. श्वास मंदावणे दुर्मीळ खरे. पण त्यासाठी रात्रभर देखरेख ठेवावी लागते, आणि तिचे कारण रुग्णास व सोबतच्या माणसास ठाऊक असणे हिताचे असते.

संमतिपत्रांत ‘भुलेचे सर्व धोके मला समजावून सांगण्यात आले आहेत’ या धर्तीचे वाक्य असते. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. सांगणारा कोण याचा निर्देश कर्मणी रचनेमुळे लोपतो. काय सांगितले ते ‘सर्व’ या एका शब्दात बुडते. आणि जी एकटी व्यक्ती वाक्यात उरते ती सही करणारी ‘मी’. दोन औषधांचा प्रश्न अशा वाक्यात उद्भवतच नाही.

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नास आणखी एक अंग आहे. घाटावर व घाटाखाली असे या जिल्ह्याचे दोन भाग लोकच मानतात. वऱ्हाडी ही प्रमुख बोली. पश्चिमेस तिला खानदेशाची शेजारीण भेटते, दक्षिणेस मराठवाड्याची. ‘मला’ ऐवजी ‘मले’, ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ हे भेद सर्वपरिचित आहेत. त्यांहून महत्त्वाचा भेद क्रियापदाचा. ‘दुखून रायलं’ हा वऱ्हाडी प्रयोग ‘आता दुखत आहे’ या अर्थाचा आहे. मेजावरील स्त्रीच्या या उद्गारातील चालू वर्तमानकाळ बाहेरून आलेल्या चिकित्सकाच्या कानाने पकडला पाहिजे. ‘दुखणे’ या नामाचा आजार असाही अर्थ असल्याने ‘दुखणं आहे का’ हा प्रश्नही संदिग्ध होतो. गर्भाशय काढणे यास तर लोकभाषेत ‘पिशवी काढणे’ याशिवाय दुसरा शब्द नाही, आणि तो नि:संदिग्ध असल्याने संमतिपत्राने त्यास नाक मुरडण्याचे कारण नाही.

जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलणारी वस्ती आहे. या भाषेचे कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी नाते सिद्ध झालेले नाही. क्यूपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शेजारची कोरकू मुंडा कुलातील. या समाजांतील स्त्रियांना मराठी ही शिकलेली भाषा आहे. त्यांच्यासमोर ‘मज्जारज्जूतील सहायक औषध’ हे शब्द म्हणजे परभाषेतील परभाषा होय.

६

भाषेचा हा प्रश्न संशोधनाच्या निष्कर्षांनाही स्पर्श करतो. जोडऔषधांच्या तुलनेत प्रायः दोन मापे वापरतात : शून्य ते दहा अशा पट्टीवर रुग्णाने दाखविलेली वेदना, आणि शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक औषधाची पहिली मागणी होईपर्यंत लोटलेला काळ. दोन्ही मापे यंत्र देत नाही, स्त्री देते. आणि ती भाषेतून देते.

पट्टीच्या वरच्या टोकाशी ‘असह्य वेदना’ असे लिहितात. जिने बाळंतपणाच्या कळा सोसल्या आहेत तिच्या मनातील ते टोक वेगळे. शिवाय मराठीत वेदना एक नाही. कळ, ठणका, सणक, तिडीक, ओढ, आग, चमक, दडपण हे शब्द प्रमाणाचे नसून प्रकाराचे आहेत. छेदाची आग आणि आतली ओढ यांत जोडऔषधाचा विशेष उपयोग दुसरीवर दिसतो. परंतु एकाच आकड्यात दोन्ही मिसळल्याने हा भेद लुप्त होतो. स्त्रीने आपण होऊन उच्चारलेला शब्द आकड्याशेजारी नोंदविला तर तो निव्वळ अलंकार न ठरता पुरावा ठरेल.

मागणीच्या काळाचे माप याहून नाजूक आहे. सोसणे हा गुण मानणाऱ्या समाजात, नात्यातील माणसे भोवती असताना, स्त्री केव्हा मागते हे केवळ वेदनेवर अवलंबून नसते. असे म्हणता येईल की यदृच्छया गट पाडल्याने ही मूकता दोन्ही गटांत सारखी विभागली जाते, म्हणून तुलना अबाधित राहते. हे पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु ज्या जोडऔषधाने गुंगी येते त्याच्या बाबतीत हे समाधान अपुरे पडते. गुंगीतील स्त्री वेदना नाही म्हणून मागत नाही, की पेंगत आहे म्हणून मागत नाही, हे मागणीच्या काळावरून कळत नाही; आणि गुंगी दोन्ही गटांत सारखी नसते, ती औषधाबरोबरच येते. ठराविक वेळाने, तिच्या बोलीत, तिला जागे करून विचारणे हाच त्यावर उपाय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेतील माहितीपत्राचा आग्रह धरला आहे. तोच आग्रह प्रश्नावलीस लावावयास हवा.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष शब्दबदलापुरता नाही. संमतिपत्रातील मजकूर कसा असावा याचा एक नमुना देता येईल : ‘पाठीत सुई देऊन तुमचा कमरेखालचा भाग बधिर केला जाईल. पायांना मुंग्या येतील, पाय जड पडतील. काही तासांनी ते पूर्ववत होतील. तुम्ही जाग्या राहाल, बोलणे ऐकू येईल. पोटात ओढल्यासारखे वाटेल, पण कापल्याचे दुखू नये. दुखले तर लगेच सांगा. त्याच सुईतून आणखी एक औषध थोडेसे जोडून देणार आहोत. त्याचे नाव अमुक. त्याने दुखणे अधिक वेळ थांबते. पण अंगाला खाज सुटू शकते, मळमळू शकते. रात्री तुम्हाला उठवून श्वास व नाडी पाहिली जाईल. हे दुसरे औषध नको असेल तर तसे सांगता येईल.’ औषध बदलले की नावापुढील वाक्ये बदलावी लागतील, आणि लिहिणाऱ्यास दर वेळी आपण नेमके काय देत आहोत याचा विचार करणे भाग पडेल.

अशा मजकुराने रुग्ण घाबरतील, असे म्हटले जाते. भीती माहितीने वाढते की अपेक्षाभंगाने, हे रुग्णालयागणिक तपासून पाहण्याजोगे आहे. मात्र शेवटच्या वाक्याविषयी तडजोड संभवत नाही. नकार देता येण्यासाठी नकार कशाला द्यावयाचा ती वस्तू वेगळी दिसावी लागते, आणि ‘सहायक’ हा शब्द नेमके तेच दिसू देत नाही. वैद्यकाच्या व भाषाशास्त्राच्या विभागांनी एकत्र बसून, वऱ्हाडी बोलणाऱ्या स्त्रियांना वाचून दाखवून, अशा मजकुराची पारख केली, तर बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील नव्या संशोधनाचा आरंभ योग्य ठिकाणाहून झाला असे म्हणता येईल.